जुन्याचं काय झालं?

शनिवारी रात्री पुण्याचा एक मित्र आमच्याकडे जेवायला आला होता. इथे ऑस्ट्रेलियात, होबार्टला आल्यापासून त्याला वाइनचं जे वेड लागलंय, ते त्याच्या बायकोच्या मते दुखण्यात मोडतं. येताना तो टॉलपडल व्हिनयार्डची शार्डोने, म्हणजे शार्डोने द्राक्षाची पांढरी वाइन, घेऊन आला. शंभर डॉलरच्या घरातली बाटली नुसती उघडून चालत नाही, तिच्याविषयी बोलावंही लागतं. तो बोलला. इथून पंचवीसेक किलोमीटरवर, रिचमंडजवळ, कोल नदीच्या खोऱ्यात ही बाग आहे आणि बाटलीत दुसऱ्या कुठल्याही बागेचा थेंब नाही. 2011 मध्ये ॲडलेड हिल्सच्या शॉ अँड स्मिथ या वायनरीवाल्यांनी ती विकत घेतली. मायकेल हिल स्मिथ आणि मार्टिन शॉ, नात्याने एकमेकांचे भाऊ. त्यातला हिल स्मिथ म्हणजे 'मास्टर ऑफ वाइन' ही वाइनच्या जाणकारांची मानाची पदवी मिळवणारा पहिला ऑस्ट्रेलियन, 1988 सालचा. बाग लावली तीही 1988 मध्येच. नव्या मालकांनी पहिली बाटली काढली 2012 च्या मालाची आणि तिथून बागेचं नशीब पालटलं. मित्र सांगत होता, आम्ही माना डोलवत होतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नाना, माझे वडील, ताकाचा पेला घेऊन बसले होते. त्यांचं या गप्पांकडे लक्ष असेल असं मला वाटलंही नव्हतं. मित्र श्वास घ्यायला थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् जुन्याचं काय झालं?"

"जुन्याचं म्हणजे?"

"ज्याची बाग होती त्याचं. इकली का म्हणून त्यानं?"

मित्राने फोन काढला, दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "नाना, ते कुठे लिहिलेलं दिसत नाही." मग बायकोने मसालेभात आणला आणि विषय मसालेभाताकडे गेला. मला मात्र त्या रात्री झोप लागायला वेळ लागला, कारण नानांनी हा प्रश्न का विचारला ते घरात फक्त मला माहीत होतं.

नाना माळकरी आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षं, आजोबांनी लावलेली बाग तोडून नानांनी पुन्हा लावली, आणि मधली काही वर्षं त्यात वाइनची द्राक्षंही होती. पण दारूचा थेंब त्यांच्या ओठाला लागलेला नाही. ज्यांनी शेनिन ब्लांक पिकवली, टेम्पोत भरून वायनरीच्या काट्यावर नेली, साखर किती आली यावरून तिथल्या सुपरवायझरशी हुज्जत घातली, त्यांनी त्या द्राक्षाचं पुढे काय होतं ते कधी चाखलं नाही. आमच्या भागात असे शेतकरी पैशाला पासरी सापडतील आणि त्यांना यात काही विचित्रही वाटत नाही. ऊस लावणारा रोज साखर कारखान्यात जाऊन बसत नाही. तर मित्राने त्या रात्री आग्रह केला, नाना, नुसता वास तरी घ्या. नानांनी ग्लास हातात धरला तो दांडीला नाही, बुडाला, तळहातावर. औषधाचं माप धरतात तसा. नाक आत घातलं. दोनदा हुंगलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गंधक मारलंय का रे यांनी?"

मित्र खुर्चीतून उठायचाच बाकी राहिला. कारण या वाइनचे जाणकार जो वास शोधत असतात, तो नेमका हाच: नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा. रस पिपात आंबत असताना किण्व, म्हणजे यीस्ट, गंधकाची काही संयुगं तयार करतं, आणि थोड्या प्रमाणात ती राहू दिली तर शार्डोनेला हा धुरकट, टोकदार वास येतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियन शार्डोनेत तो नव्हता. तेव्हा लोण्याचा आणि भाजलेल्या लाकडाचा वास भरभरून असे, इतका की लोक वैतागून 'शार्डोने सोडून काहीही द्या' म्हणायला लागले. मग वारं फिरलं. थंड जागा शोधल्या गेल्या, द्राक्ष आधी तोडलं जाऊ लागलं, लाकूड कमी झालं, आणि हा काडीचा वास प्रतिष्ठेचा झाला. नानांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना माहीत आहे भुरी. पानावर पिठूर दिसलं की पहाटे गंधकाची धुरळणी करायची, तोंडाला उपरणं बांधून. आणि अंघोळ करूनही तो वास दोन दिवस अंगाला राहतो. आई त्या दिवसांत त्यांचे कपडे वेगळे भिजवायची.

ग्लास त्यांनी परत दिला. मी त्यातलाच घोट घेतला. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मग दातांच्या मुळाशी जाणारी आंबट धार, आणि मग बराच वेळ, गिळून झाल्यावरही, जिभेच्या कडांना मीठ लागल्याचा भास. गोडवा नाहीच. चांगली होती. मित्र विचारत होता शंभर डॉलरची आहे का. त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, नानांना घेऊन बाग बघायला गेलो. ते मार्चअखेरीला आले होते, घरचा माल गेल्यावर. एप्रिलची खरड छाटणी धाकट्या भावावर सोपवून आल्यामुळे त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता, रोज सकाळी फोन चालू. रिचमंडला आधी तो जुना दगडी पूल पाहिला. 1823 ते 1825 मध्ये कैद्यांकडून बांधून घेतलेला, ऑस्ट्रेलियात आजही वापरात असलेला सर्वांत जुना. नानांनी पुलाखालची बदकं बघितली, कमानीच्या दगडाला हात लावला आणि म्हणाले चला. त्यांना बाग बघायची होती. बॅक टी ट्री रोडला गाडी कडेला लावली आणि कुंपणाबाहेर उभे राहिलो. समोर उतारावर सरळ ओळी, घडांच्या पट्ट्यावर पाखरांसाठीच्या जाळ्या.

"मांडव कुठंय?"

मांडव नाही. आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाला डोक्यावर मांडव असतो किंवा वाय पद्धतीचे अँगल, घड सावलीत लोंबतात आणि माणूस खालून उभ्याने काम करतो. इथे वेल गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीवर, तिथूनच दोन बाजूंना ओलांडे, म्हणजे आडवे फाटे, आणि काड्या तारांमध्ये सरळ वर उचललेल्या. घड पायाशी. तोडायला कमरेत वाकावं लागणार, हे नानांना पहिल्या नजरेत दिसलं. मग त्यांनी सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि गोंधळले. दुपार होत आलेली आणि ऊन उत्तरेकडून. पृथ्वीच्या या टोकाला सूर्य उत्तरेकडून जातो म्हणून बाग ईशान्येला तोंड करून लावली आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी वळून वळून दोनदा खात्री करून घेतली. जमीन हलकी, वाळूचा दगड खाली. वेल माजत नाही अशी जमीन. "बागायतदार हुशार व्हता," एवढाच शेरा. एकवचनात आणि भूतकाळात.

थंडीची गोष्ट त्यांना सगळ्यात कोड्यात टाकणारी वाटली. बाटलीच्या कौतुकात 'कूल क्लायमेट' हा शब्द मित्राने देवाच्या नावासारखा घेतला होता, आणि निफाडच्या माणसाला थंडी म्हणजे संकट. डिसेंबरात निफाडचा पारा 2-3 अंशांवर आला की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतात, लोक गंमत म्हणून वाचतात. बागेत तेव्हा मणी फुगवणीला असतो. पहाटे ड्रिप सोडून ठेवायचं, बांधाबांधाला शेकोट्या करून धूर करायचा, कारण थंडीने वाढ थांबते, मणी तडकतो, आणि हिरव्या थॉमसन जातीच्या मण्यावर गुलाबी छटा आली की व्यापारी 'पिंक बेरी' म्हणून भाव पाडतो. मग फेब्रुवारी संपता संपता उन्हाचा असा तडाखा बसतो की आंबटपणा मण्यातून निघून जातो, नुसती साखर उरते. आमच्याकडची थंडी घाला घालून जाणारी. इथली थंडी मुक्कामाला असते. ऐन उन्हाळ्यात, जानेवारीतसुद्धा होबार्टचं कमाल तापमान सरासरी 22-23 अंश. साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा जागचा हलत नाही. शिवाय इथे वेल हिवाळ्यात झोपते, पानं झडून काठी उरते. आमची वेल झोपतच नाही. म्हणून तर तिला वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी, नि पीक एकच घ्यायचं. नानांना हे ऐकून त्या वेलींचा हेवा वाटला असावा. "सहा महिने सुट्टी," असं ते पुटपुटले.

पाण्याचं मात्र त्यांनी स्वतःहून ओळखलं. आजूबाजूच्या टेकड्या वाळून पिवळ्या पडलेल्या आणि मधेच हिरव्या पट्ट्या. "धरण कुठंय?" खोऱ्याच्या वर क्रेगबर्नचं धरण आहे, 1986 मधलं, आणि त्याच्या पाण्यावर हे खोरं बदललं. त्याआधी मेंढ्या आणि धान्य. दोन वर्षांनी बाग आली. पालखेडच्या कालव्यावर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. वाइनवर लिहिणारे मातीवर पानंच्या पानं लिहितात, आंबट धारेचं मूळ वाळूच्या दगडात शोधतात. पाटाचं पाणी त्यांच्या लिखाणात क्वचितच येतं, आणि माझ्या मते हा नुसता शहरीपणा आहे.

टॉलपडल हे इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या एका खेड्याचं नाव. 1834 साली तिथल्या सहा शेतमजुरांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आठवड्याची मजुरी 9 शिलिंगांवरून 8, मग 7 केली होती आणि आणखी एक कापू म्हणून जमीनदार सांगत होते. मजुरांनी एकत्र येऊन मंडळ काढलं. मंडळ काढणं तेव्हा गुन्हा नव्हता, म्हणून त्यांना अडकवलं ते गुप्त शपथ घेतल्याबद्दल. त्यासाठी नाविकांच्या बंडानंतर 1797 मध्ये केलेला कायदा शोधून काढला. त्यांचा पुढारी जॉर्ज लवलेस, शेतमजूर आणि मेथॉडिस्ट पंथाचा प्रवचनकार, त्याला इकडे व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला पाठवलं. बाकीच्यांना न्यू साउथ वेल्सला. लवलेसने इथे काही दिवस साखळदंडात रस्त्याचं काम केलं आणि पुढे रिचमंडजवळच्या एका जमीनदाराच्या शेतावर राबला. त्या जमिनीचाच एक भाग म्हणजे आजची ही बाग. लंडनमध्ये मोर्चे निघाले, सह्यांचे गठ्ठे पार्लमेंटात गेले, 1836 मध्ये माफी मिळाली. परतल्यानंतर काही वर्षांनी सहापैकी पाच जण कॅनडाला निघून गेले. गावात राहिला तो एकटा जेम्स हॅमेट, आणि तो 1891 मध्ये डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात मेला. मजुरी वाढवून मागणाऱ्या माणसांच्या गावाचं नाव आता शंभर डॉलरच्या बाटलीवर आहे. हे मी नानांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हसतील किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, "शिलिंग म्हणजे किती?" आणि मग उत्तराची वाट न पाहता, "हितं तोडायला किती देत्यात?"

शार्डोनेचं स्वतःचं कूळही असंच आहे, हे मला नंतर आठवलं. 1999 मध्ये डीएनए तपासून कळलं की ती पिनो आणि ग्वे ब्लांक यांची लेक. पिनो हे खानदानी द्राक्ष. ग्वे म्हणजे कुणब्यांच्या बांधावरचं, आंबटढाण, भरपूर येणारं, फ्रान्समध्ये पुन्हा पुन्हा बंदी घातलेलं. आज त्या आईचं नाव कुणी घेत नाही.

घरी येऊन मी नानांच्या प्रश्नाचा शोध घेतला. बाग लावली तिघांनी मिळून: टोनी जॉर्डन, गॅरी क्रिटेंडन आणि त्याच खोऱ्यातलं कॅसिमॅटी हे शेतकरी घराणं. जॉर्डन वाइनशास्त्रातला मोठा माणूस, फ्रेंच शँदों कंपनीचा ऑस्ट्रेलियातला कारभार यारा खोऱ्यात त्यानेच उभा केला. तीच शँदों 2013 मध्ये आमच्या शेजारी दिंडोरीला आली आणि नाशिकच्या द्राक्षांतून फसफसणारी वाइन काढू लागली. जग लहान आहे म्हणतात, द्राक्षांचं तर फारच लहान. क्रिटेंडनची मेलबर्नजवळ मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर स्वतःची वायनरी. म्हणजे कुणी देशोधडीला लागलं नाही, तसं काही नाट्य यात नाही. पण 2011 पर्यंत ही वीसेक हेक्टरांची बाग फळ देत होती ते कुठे जात होतं? हार्डीजसारख्या मोठ्या कंपन्यांकडे. तिथल्या नामांकित शार्डोनेत ते इतर बागांच्या मालात मिसळलं जाई. बक्षिसं बाटलीला मिळत. 2006 मध्ये टास्मानियात पहिल्यांदाच 'व्हिनयार्ड ऑफ द इयर' ठरवलं गेलं तेव्हा ते याच बागेला दिलं. जाणकारांना ठाऊक होती, पिणाऱ्याला नाही. नव्या मालकांनी फार मोठा बदल केला असं मला वाटत नाही. छाटणी बारकाईने केली, काम वाढवलं हे खरं. पण मुख्य म्हणजे त्यांनी माल मिसळायला देणं बंद केलं. वेल तीच, उतार तोच, फळ आपल्या नावाने बाटलीत गेलं.

त्यातही एक गंमत आहे. एकाच जागेची वाइन म्हणून जिचं एवढं माहात्म्य, ती त्या जागी बनतच नाही. हाताने तोडलेले घड थंड ट्रकमधून बास सामुद्रधुनी ओलांडतात आणि ॲडलेड हिल्समध्ये, बालहाना गावच्या वायनरीत रस होतात; तिथेच फ्रेंच ओकच्या पिपांत आंबतात. मित्राला हे सांगितलं तर तो जरा दुखावला. नाना दुखावले नाहीत. समुद्रापार जाणारं द्राक्ष म्हणजे त्यांच्या रोजच्यातली गोष्ट.

नानांचा एक्सपोर्टचा माल न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जातो. आणि तिथेच मला काहीतरी उमगलं. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, आमच्या प्रत्येक प्लॉटची नोंद आहे. त्या प्लॉटला नंबर आहे, फवारणीची डायरी आहे, औषधांचे अंश तपासायला नमुना लॅबमध्ये जातो, आणि पेटीवरच्या कोडवरून हॉलंडमधला माणूस शोधत शोधत आमच्या विहिरीच्या पलीकडच्या तुकड्यापर्यंत येऊ शकतो. याच्याहून 'सिंगल व्हिनयार्ड' ते काय असणार? पण तो नंबर फक्त चूक सापडायची असते तेव्हा वाचला जातो. 2010 मध्ये लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा गावातल्या एकेकाचा प्लॉट नंबर लोकांना पाठ झाला होता. द्राक्ष गोड लागलं म्हणून कुणी नंबर वाचल्याचं ऐकिवात नाही. दुकानात डब्यावर फक्त 'इंडिया' असतं. माझी चुलत बहीण ॲमस्टरडॅमला असते, ती दर फेब्रुवारीत डब्याचा फोटो पाठवून विचारते, "काका, हे तुमचं का?" आणि नाना खुशाल हो म्हणून सांगतात.

वाइनच्या द्राक्षाची आमची गोष्ट फार लांबवत नाही. 2001 चं सरकारी धोरण आलं, वायनऱ्या उगवल्या, करार झाले, नानांनी एक एकर शेनिन लावली. किलोला 25-30 रुपये, दराची हमी, व्यापारी पळून जायची भीती नाही. पोरीचं लग्न ठरवताना सांगण्यासारखी गोष्ट होती ती. मग 2008-09 नंतर बाजार बसला, आणि ज्या वायनरीशी आमचा करार होता तिने आधी पैसे थकवले, मग फोन उचलणं सोडलं. माल वेलीवर राहिला. वाइनचं द्राक्ष खायला कुणी घेत नाही, बी मोठं, साल जाड. नानांनी ते उतरवून उकिरड्यात टाकलं आणि पुढच्या हंगामात खुंटावर दुसरी जात भरली. डॉगरीजचा खुंट अजून तोच आहे, वरची काडी बदलली. रविवारी रात्री त्यांनी बाटलीचा हिशोब केला, कॅलेंडरच्या मागे पेनने. बाटलीला द्राक्ष लागतं सव्वा किलोच्या आसपास. बाटली साडेपाच-सहा हजार रुपयांची. आमच्या जुन्या दराने त्यात द्राक्षाचे पडतात पस्तीस. इथल्या द्राक्षाला दर कितीतरी जास्त असतो, इथली मजुरी वेगळी, मी समजावत होतो. ते ऐकून घेत होते. आकड्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

मजुरीचं त्यांना नीट सांगता आलं याचं मला समाधान आहे. इथल्या तोडणीला तिमोर-लेस्त, वानुआतू अशा बेटांवरून माणसं येतात, हंगामाच्या व्हिसावर; शिवाय पाठीवर पिशव्या घेऊन फिरणारी युरोपियन पोरं. तासाला किमान वेतन ठरलेलं आहे. नाना म्हणाले, "म्हंजी सुरगाण्याचीच माणसं." आमच्याकडे छाटणीला, विरळणीला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला येतात ती पेठ-सुरगाण्याकडची टोळी, दरवर्षी तीच. मुकादम एकराचं उक्तं ठरवतो, घासाघीस होते, उचल दिली जाते, आणि मग अख्खं कुटुंब बांधावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला येतं. टोळीतल्या एका म्हाताऱ्याच्या हाताला आमची वेलनवेल ठाऊक आहे. कुठल्या ओलांड्यावर किती काड्या ठेवायच्या, कुठला डोळा फळाचा आणि कुठला वांझ, हे तो काडीवरून अंगठा फिरवून सांगतो. कृषी महाविद्यालयातून आलेल्या पोरांना त्याने दोनदा खोटं पाडलंय. सातबाऱ्यावर त्याचं नाव असायचं कारणच नाही. तो नसेल तर बाग पहिल्या वर्षी थोडी बिघडेल, दुसऱ्या वर्षी दिसण्याइतकी.

घरचं कारण आता सांगायलाच हवं. आमच्या बागेला गिऱ्हाईक आलंय. नाशिकचा एक बिल्डर, त्याला वायनरी, टेस्टिंग रूम, वर चार खोल्या, गोदावरीकडे तोंड केलेला व्हरांडा, असं सगळं करायचं आहे. भावाला विकायचंय. त्याचं काही चुकतंय असं मला म्हणता येत नाही. अवकाळीने सलग हंगाम धुतले, औषधांचा खर्च मालाच्या वर गेला, त्याच्या पोराला बागेत पाय ठेवायचा नाही, आणि मी इथे बसून बागेवर लेख लिहिणारा. मला मत द्यायचा अधिकार कितपत, हाही प्रश्नच. नानांचं वय झालंय. ते नको म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. बिल्डरने म्हणे सांगितलंय की गावाचं नाव बाटलीवर घालू. भावाला ते फार आवडलं. मलाही, खरं सांगतो, क्षणभर आवडलं: लेबलावर आमचं गाव, खाली बारीक अक्षरात तीन ओळींचा इतिहास. त्या तीन ओळींत पहिली ओळ बागेच्या उताराची असेल, दुसरी नव्या मालकाच्या दूरदृष्टीची. तिसऱ्या ओळीत नाना बसतील का, आणि तो सुरगाण्याचा म्हातारा, हे मी मनात लावून पाहत होतो.

काल सकाळी भावाचा फोन आला, इसार पावतीचा मसुदा तयार आहे म्हणून. नानांनी स्पीकर लावायला सांगितला आणि सगळं वाचून घेतलं. विहिरीचा हिस्सा, रस्त्याचा हक्क, रक्कम, हप्ते. मग म्हणाले, "त्यात एक घाल. टोळी हीच ठेवायची, पाच वरसं तरी." भाऊ गप्प. मग म्हणाला, "नाना, असं कुठं लिहितात का? त्यांचे ते कन्सल्टंट आणणार, इटलीचा कुणी येणारे." नाना म्हणाले, येऊ दे की, त्याला काड्या कोण दाखवणार? दुपारी बिल्डरचा निरोप आला: बाकी सगळं मान्य, कामाला माणसं कोणती लावायची ते आम्ही ठरवू. नानांनी तो ऐकला आणि भावाला सांगितलं की मग त्याला म्हणावं, यंदाची खरड आमची आम्ही करतो, पैसे जून-जुलैत बोलू. भाऊ वैतागला. गिऱ्हाईक तोवर थांबत नसतं, दिंडोरी रोडला त्याला दुसरा तुकडा दाखवलाय, असं त्याचं म्हणणं. आणि तेही काही खोटं नाही.